भंगारातली ॲल्युमिनियमची होडी घरी उभी करताना

कोल्हापुरात होडी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती घाटावरची लाकडी नाव, नाहीतर पुरात दिसणारी रबरी बोट. ॲल्युमिनियमची होडी दिसलीच तर ती भंगाराच्या दुकानात, उलटी पडलेली किंवा पोटात पावसाचं पाणी आणि डास घेऊन बसलेली. मला माझी अशीच मिळाली. बारा फुटी, रिबिटांनी जोडलेली, किलोच्या भावानं. दुकानदाराला वाटलं, मी वितळवायलाच नेतोय.

घरी आणून खरवडायला लागलो तेव्हा लक्षात आलं की मूळ पत्रा बऱ्यापैकी शाबूत आहे. जिथं जिथं तो खाल्ला गेला होता, तिथं आधी कुणीतरी दुरुस्ती केलेली होती. लोखंडी नटबोल्ट, पितळी नळ कापून केलेलं बूच, डांबराचा थर, त्यावर गोणपाट. नदीनं केलं नव्हतं ते नुकसान दुरुस्त करणाऱ्यांनी केलं होतं. म्हणून या लेखात काय लावायचं याच्या बरोबरीनं काय लावायचं नाही, हेही बरंच येईल.

विकत घ्यायच्या आधी

सोबत चुंबक, टॉर्च, टोचा आणि एक जाड घोंगडं न्या. चुंबक होडीभर फिरवा. जिथं चिकटेल तिथं लोखंड घुसलेलं आहे, आणि त्याच्याभोवती पांढरी भुकटी दिसेल. ती भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. लोखंड, तांबं, पितळ असा धातू ॲल्युमिनियमला चिकटून ओला झाला की त्या जोडीची बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. गोड्या पाण्यात हे समुद्रापेक्षा सावकाश होतं, पण होतं. नंतर होडी उलटी करून तिच्याखाली टॉर्च पेटवा आणि अंगावर घोंगडं घेऊन बाहेरून पत्रा बघा. दोन-चार चांदण्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. आकाशगंगा दिसली तर घोंगडं गुंडाळा आणि घरी या.

मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन बसतं, तिला ट्रान्सम म्हणतात. पत्र्याच्या आत तिथं प्लाय असतो आणि जुन्या होडीत तो हमखास कुजलेला असतो. टोचा लोण्यात शिरावा तसा शिरला तरी सौदा मोडू नका, प्लाय बदलता येतो. तळाच्या मधोमध लांबीभर जाणाऱ्या कण्याच्या कडेनं हातभर लांब चीर असेल तर मात्र मी ती होडी घेणार नाही.

आता वजनकाट्याची गोष्ट. एवढी होडी रिकामी साधारण ६० ते ८० किलो भरायला हवी. माझी भरली १२८. बाकांखालचा आणि तळाखालचा जुना फोम स्पंजासारखा पाणी पिऊन बसला होता, आणि मी ते पाणी ॲल्युमिनियमच्या भावानं विकत घेतलं! तुम्ही आधी फोम काढायला लावा, मग काट्यावर चढवा. पक्की पावतीही मागा. होडीवर एखाद्या सरकारी खात्याचं नाव किंवा नंबर खोडल्याची खूण असेल तर तिच्या भानगडीत पडू नका.

कधी सुरू करायचं

दिवाळीनंतर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की रंग आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा चिकट लेप) दोन्ही दगा देतात. तोडफोड नोव्हेंबरात, रिबिटं आणि पत्रा डिसेंबर-जानेवारीत, रंग फेब्रुवारीत, असं धरलं तर होळीच्या सुमाराला होडी पाण्यात जाते. फक्त रविवारी काम करणाऱ्यानं यात एखादा महिना वाढवावा. घरच्यांना आधी सांगितलेली तारीख चुकणारच आहे, तेव्हा ती सांगूच नका.

जागा पत्र्याच्या शेडची, खाली मातीची असली तरी चालते. होडी लाकडी ठोकळ्यांवर किंवा जुन्या टायरांवर ठेवा. नव्या सिमेंटच्या ओल्या कोब्यावर थेट टेकवू नका, सिमेंटमधला क्षार ॲल्युमिनियमला खातो.

पोट रिकामं करणं

काही उचकटण्याआधी फोटो काढा. कुठला बाक कुठं होता हे तीन महिन्यांनी आठवत नाही. तळ आणि बाकं रिबिटांनी बसवलेली असतील तर रिबिटाच्या डोक्याच्या बरोबर मध्ये ड्रिल धरून फक्त डोकं उडवा आणि दांडा पंचनं मागं ठोका. ड्रिल आरपार घातलं तर भोक मोठं होतं आणि पुढं त्याच मापाचं रिबिट बसत नाही. कुजका प्लाय टाकू नका. तो कितीही चोथा झालेला असला तरी नव्या फळीचं माप त्याच्यावरूनच मिळणार आहे.

फोम हातकरवतीनं आणि कालथ्यानं निघतो. मास्क लावा. फोम जाळून काढायचा सल्ला कुणीतरी देईल, तो ऐकू नका. धूर विषारी असतो आणि उष्णतेनं पत्रा नरम पडतो.

घासायचं, पण कशानं

इथं सगळ्यात जास्त होड्या वाया जातात. संडास धुवायचं ॲसिड आणि कॉस्टिक सोडा, दोन्ही ॲल्युमिनियमवर टाकले की फसफसतात, हायड्रोजन वायू निघतो आणि बघता बघता पत्रा पातळ होतो. लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे बारीक कण पत्र्यात रुततात आणि पावसाळ्यात एकेक कण तांबडा होऊन आपला खड्डा खणतो. स्टेनलेसचा किंवा नायलॉनचा ब्रश घ्या. भांड्यांचा साबण आणि पाणी, न निघणाऱ्या डागांना व्हिनेगर किंवा लिंबू, जुन्या रंगाला ॲल्युमिनियमवर चालतो असं डब्यावर लिहिलेला पेंट रिमूव्हर. एवढ्यावर बहुतेक काम होतं.

जुन्या रंगाखाली पिवळा प्रायमर दिसला तर थांबा. ॲल्युमिनियमवर पूर्वी झिंक क्रोमेटचा प्रायमर मारायची पद्धत होती आणि त्याची धूळ छातीत जाणं फार वाईट. असा रंग कोरडा घासायचा नाही. वॉटर पेपर घेऊन पाणी मारत घासा, खाली प्लास्टिक अंथरा आणि तो गाळ गटारात सोडू नका.

गळती शोधणं

लोक होडी नदीत नेऊन गळती शोधतात. उलट करा, नदी होडीत आणा. होडी सुलटी, कण्याखाली आणि दोन्ही बाजूंना भरपूर ठोकळे, आणि आत चार बोटं पाणी. त्याच्या वर नको. बारा फुटी होडीत एवढं पाणी तीनशे-चारशे किलोच्या घरात जातं, टेकू कमी पडला तर बरगड्या वाकतील. आता खाली जाऊन बसा आणि मार्करनं प्रत्येक थेंबाला गोल करा. धावतं पाणी असेल तिथं दोन गोल. पाणी काढल्यावर सगळं सारखंच दिसतं, म्हणून खुणांशिवाय उठायचं नाही.

माझ्या होडीत एकतीस गोल झाले. सत्तावीस रिबिटांवर, चार जोडावर. पत्र्याच्या मधोमध एकही नाही.

रिबिटं

गळणारं रिबिट बहुधा तुटलेलं नसतं, ढिलं झालेलं असतं. त्याला बदलायच्या आधी घट्ट करून बघा. हे दोन माणसांचं काम आहे. एकानं बाहेरून डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, वर्कशॉपात त्याला डॉली म्हणतात, आणि दुसऱ्यानं आतून शेपटावर हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके द्यायचे. ठोके जोरात नको, सरळ हवेत. ठोकळा धरणारा माणूस निवडताना सावध राहा. माझा भाचा मोबाईल बघत ठोकळा धरायचा आणि आम्ही तीन रिबिटं चेपवली.

जे घट्ट होत नाही ते काढून नवं भरीव रिबिट घाला. माप सोपं आहे. दोन्ही पत्रे मिळून जी जाडी होते, तिच्यापुढं रिबिटाचा दांडा स्वतःच्या व्यासाच्या दीडपट बाहेर आला पाहिजे. ठोकल्यावर तयार झालेलं डोकंही व्यासाच्या दीडपट रुंद झालं की काम बरोबर. भोक पत्र्याच्या काठापासून निदान दोन व्यास आत असावं, नाहीतर काठ फाटतो. घालण्याआधी दांड्याला पॉलियुरेथेन सीलंट लावा.

जिथं आतून हात पोचत नाही तिथं पॉप रिबिटाशिवाय इलाज नसतो. पण दुकानात सहज मिळणारं पॉप रिबिट मधून पोकळ असतं, पाणी त्याच्या पोटातून येतं, आणि त्यात अडकलेला खिळ्याचा तुकडा बऱ्याचदा लोखंडी असतो. बंद टोकाचं, पूर्ण ॲल्युमिनियमचं मागा. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात पहिल्या दुकानात मिळालं नाही तर दुसऱ्यात विचारा, पण "हेच चालतंय की" याला बळी पडू नका.

सीलंटबद्दल एक कबुली देतो. एका रात्री घाईत मी जोडावर बाथरूमचं सिलिकॉन ओढलं, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो तेच. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो आणि ते उघड्या धातूला चांगलं नाही. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉनचा पापुद्रा राहिला तर त्यावर पुढं ना रंग धरतो ना दुसरा सीलंट. ते खरवडण्यात दोन रविवार गेले.

चिरा आणि ठिगळं

चीर बहुतेक बाकाच्या कोपऱ्यापाशी किंवा बरगडी संपते तिथं पडते. आधी तिच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढं सरकत नाही. मग ठिगळ.

आपल्या गावात प्रत्येकाचा पहिला सल्ला एकच असतो, "उद्यमनगरात ने, आरगॉन मारून आण." कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या, गावात हे म्हणणं साहजिक आहे आणि आरगॉन वेल्डिंगचे कारागीरही इथं कसलेले आहेत. तरी होडीचा पत्रा पातळ असेल तर मी वेल्डिंग टाळतो. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा २००० अंशांच्याही पुढं. वरचं वितळायची वाट बघेपर्यंत खालचं भसकन खाली येतं. शिवाय वर्षानुवर्षं तेल आणि गाळ प्यायलेल्या जुन्या जोडात वेल्ड फुगे धरतो, आणि आजूबाजूचा पत्रा उष्णतेनं नरम होऊन पुढच्या वर्षी वेल्डच्या कडेनंच चिरतो. जाड पट्टी, कोपऱ्याचा ब्रॅकेट, इंजिनाचा आधार यांना आरगॉन जरूर मारा. पण सांगून मारा की पत्रा ५०५२ जातीचा आहे, तार ५३५६ ची वापरा. आणि वेल्डिंग नेहमी फोम, सीलंट, रंग यांच्या आधी.

पातळ पत्र्याला रिबिटाचं ठिगळ. त्यासाठी ५०५२ चा पत्रा, १६ गेज म्हणजे १.६ मिमी, किंवा मूळ पत्र्याइतका जाड. पार्टिशनचा किंवा भांड्यांचा नरम पत्रा नको. ठिगळाचे कोपरे गोल करा, टोकदार कोपऱ्यापासून नवी चीर निघते. दोन्ही पृष्ठभाग घासून, ॲसिटोननं पुसून, मध्ये सीलंटचा पूर्ण थर देऊन दोन ओळींत रिबिटं मारा. सीलंट चारही कडांनी थोडा बाहेर आला पाहिजे. नुसत्या एम-सीलवर होडी घेऊन जाणारे लोक मला माहीत आहेत. एखादा दिवस ढकलायला ते ठीक आहे.

पोचे काढायच्या नादाला फार लागू नका. आतून वाळूची पिशवी, बाहेरून लाकडी हातोडा, जेवढं येईल तेवढं. ठोकत राहिलं की ॲल्युमिनियम ताठ होत जातं आणि शेवटी चिरतं.

मागची फळी

आता प्लायकडे. दुकानदार "मरीन, सातशे दहा" देईल. आय.एस. ७१० चा तो प्लाय पाण्याला चांगलाच असतो, पण किडीपासून वाचवायला त्याला जी औषधं पाजतात त्यांत तांब्याचे क्षार असू शकतात, आणि तांबं म्हणजे ॲल्युमिनियमचा सगळ्यात जुना वैरी. म्हणून प्लाय उघडा पत्र्याला लागता कामा नये. १२ मिमीचे तीन थर इपॉक्सीनं चिकटवून साधारण ३६ मिमीची फळी करा, आकार कापा, सगळी भोकं पाडून घ्या आणि मग पूर्ण फळीला इपॉक्सीचे तीन हात द्या. कडा आणि भोकांच्या आतल्या भिंती जास्त पितात, त्यांना चौथा हात. आधी इपॉक्सी आणि मग भोक, असं केलं तर प्रत्येक बोल्टापाशी पाण्याला दार उघडून दिल्यासारखं होतं.

बोल्ट स्टेनलेसचे. स्टेनलेससुद्धा परका धातूच, त्यामुळे बोल्टाच्या अंगाला सीलंट आणि वायसरखाली नायलॉनचा वायसर. पितळी बूच काढून प्लास्टिकचं घाला. जाता जाता सांगतो, पाण्यात सोडताना पूजा जरूर करा, पण तांब्याचा तांब्या होडीत विसरू नका. जाळ्याची शिशाची वजनंही ओल्या तळात पडून राहिली तर खड्डे पाडतात, ती प्लास्टिकच्या डब्यात ठेवा.

तरंगण्याचा हिशेब

फोम ही चैनीची वस्तू समजून बरेच जण तो परत घालतच नाहीत. होडी पाण्यानं भरली तर ॲल्युमिनियम दगडासारखं तळाला जातं. हिशेब असा. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड आहे, म्हणून ७० किलोची होडी पाण्यात पूर्ण बुडाल्यावर साधारण ४४ किलोंचा भार टाकते. त्यात २५ किलोंच्या इंजिनाचे वीसेक. म्हणजे ६४. प्रत्येक लिटर बंद हवा किंवा फोम जवळजवळ एक किलो उचलतो. कडेला धरून तरंगणारी माणसं आणि सामान धरून १२० ते १५० लिटर ठेवा.

पांढरा थर्माकोल नको. तो हळूहळू पाणी पितो आणि पेट्रोल सांडलं तर विरघळतो. दाट, बंद पेशींचा एक्सपीएस फोम पाणी फार कमी पितो, पण तोही पॉलिस्टायरीनच, म्हणून पेट्रोलपासून जपावा लागतो. नाही मिळाला तर २० लिटरचे सात कॅन, झाकणं सीलंटनं बंद करून, बाकांखाली घट्ट बांधा. हे गबाळं दिसतं, पण दरवर्षी काढून तपासता येतं. कॅन तळाला नव्हे, दोन्ही बाजूंना जमेल तेवढे वर ठेवा. तरंगणारी वस्तू तळाशी असली तर पाणी भरलेली होडी उलटी होते.

रंग

खरं तर आतून रंग नसला तरी चालतं. उघडं ॲल्युमिनियम स्वतःचा पापुद्रा स्वतः धरतं. बाहेरून द्यायचा असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, ॲसिटोननं पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा, रात्रभर सोडलं तर नवा ऑक्साइड धरतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात एच (etch, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड धरणारा) प्रायमर आणि इपॉक्सी प्रायमर दोन्ही मिळतात. दोन्ही एकावर एक चालतात की नाही ते डब्यावर वाचा, सगळ्या कंपन्यांचं एकसारखं नसतं. लोखंडाच्या गेटाला मारतात तो रेड ऑक्साइड इथं नको. वरून टू-पॅक पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग. त्यातलं हार्डनर फुप्फुसाला घातक असतं. कापडी रुमाल बांधून भागत नाही. योग्य मास्क नसेल तर हे काम पेंटरला द्या. सकाळी दव उडाल्यावर सुरू करून दुपारी तीनपर्यंत संपवा.

तळाला फळ्या टाकताना त्यांच्याखालून पाणी मागच्या बुचापर्यंत वाहत जाईल अशी वाट ठेवा. गालिचा, काथ्या, गोणपाट काहीही कायमचं अंथरू नका. ओलं कापड आणि हवा नसलेला कोपरा, एवढ्यावर ॲल्युमिनियम परक्या धातूशिवायही सडतं.

पाण्यात

आधी घरीच चार बोटं पाण्याची चाचणी पुन्हा करा. मग कागद. इंजिन लावणार असाल तर २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदणीचा विषय येतो. तलावात उतरायचं तर पाटबंधारे खात्याची परवानगी लागते आणि मासे धरायचे तर तिथल्या मच्छीमार सोसायटीशी बोलावं लागतं. राधानगरी हे अभयारण्यही आहे, तिथं वन खात्याला विचारल्याशिवाय होडी ट्रॉलीवरून उतरवूच नका.

पहिल्या फेरीला नदीचा संथ भाग बरा. पावसाळा संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वरच्या बाजूला पाणी तळ्यासारखं उभं राहतं. पण बंधाऱ्याच्या जवळ जायचं नाही, वरून पाणी सांडत असेल तर अजिबातच नाही. काठाला लांब दोर बांधलेला, दोन माणसं, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि एकेक करून वाळूची पोती. प्रत्येक पोत्यानंतर पाच मिनिटं थांबून तळ बघा. थोडं पाणी येणारच. ते कुठून येतंय हे समजलं पाहिजे, म्हणून मार्कर खिशात ठेवा. इंजिन लावून गेलात तर जलपर्णीच्या कडेनं जाऊ नका. पंख्याला गुंडाळली की ती सोडवताना माणूस मागं वाकतो, आणि लहान होडी तिथूनच पाणी घेते.

माझ्या एकतीस गोलांपैकी दोन परत उमटले. संध्याकाळी होडी उलटी करून वाळवली आणि पुढच्या रविवारी ती रिबिटं बदलली.

ठेवताना बूच काढून, उलटी, लाकडी ठोकळ्यांवर. मे संपायच्या आत तिला नदीकाठच्या शेडमधून उंचावर हलवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, पण सखल भागात पाणी घुसायला त्या आकड्यांची वाट बघत नाही. होडी जाड दोरानं झाडाला बांधा. वल्ही आणि जॅकेटं तिच्याखालीच ठेवा, आणि कुलूप लावलंत तर एक किल्ली शेजारच्यांकडे द्या.